रद्द कोणी केलं

मंगळ., ९ सप्टें.
पितृपक्ष नुकता लागलाय आणि आमच्या पूजा-बुकिंगच्या ॲपवरून दाते गुरुजींचं नाव काढलं. काल यजमानांना मेसेज गेला, गुरुजींनी पूजा रद्द केली. माणसं चिडून परत गेली. गुरुजी राम घाटावर वाट बघत बसलेले. म्हणतात, मी तर 'पोहोचलो' दाबलं होतं. सक्सेना सर: "पंडितजी झूठ बोल रहे हैं. सिस्टम थोड़ी झूठ बोलेगा." सिस्टम त्यांनीच लिहिलंय.

बुध., १०
कोड बघू का विचारलं. "तुम अपनी स्क्रीन के रंग देखो." पाच वर्षं ॲपच्या स्क्रीनचा कोड लिहितेय मी. रंग म्हणे.
जेवणाच्या सुट्टीत उघडलाच. ॲपवरून निरोप येतो, त्यात काय करायचं ते आत असतं आणि पाठवणारा कोण ते वर, हेडरमध्ये. पाकिटावरच्या नावासारखं. ते ज्याचं त्याच्याबरोबरच वाचायला हवं. या महाशयांनी सगळ्यांची नावं एकाच जागी ठेवलीत, नवं आलं की जुनं पुसलं. दोन निरोप एकदम आले की एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर. आणि वर ऐट केवढी!

शुक्र., १२
दोन फोन, माझा नि रिसेप्शनवरच्या ममताचा. दोघी एकदम बटणं दाबत राहिलो. शेवटी ममतानं केलेलं 'रद्द' माझ्या नावावर पडलं. सोमवारची नोंदही मिळाली, गुरुजींचं 'पोहोचलो' आणि दुसऱ्या कुणा पंडितांचं 'रद्द', एकाच सेकंदाला. प्रिंट काढून सक्सेनासमोर ठेवली. चष्मा पुसत बसला.
"चुपचाप ठीक कर दो."
मी म्हटलं, और गुरुजी?
"उनका देख लेंगे."
म्हणजे काहीही करणार नाही.

शनि., १३
दुरुस्ती केली. काय बदललं त्या रकान्यात स्पष्ट लिहिलं, एकाचं रद्द दुसऱ्याच्या नावावर पडत होतं. तासाभरात स.नं ते खोडून 'किरकोळ सुधारणा' केलं. इतका संताप आला की टावर चौकापर्यंत चालत जाऊन आले. चहाही गोड लागला नाही.

सोम., १५
गुरुजी ऑफिसात आले, जिना चढून दम लागलेला. स. चक्क वाकून पाया पडला. "आशीर्वाद दीजिए पंडितजी, कोशिश चल रही है." निर्लज्ज.
मग गुरुजी माझ्याकडे वळले. आईचं श्राद्ध दरवर्षी तेच करतात.
"वैशाली, शुक्रवारी त्रयोदशी. आईचं आहे ना? येऊ ना मी? लोकांचा तर भरोसा उठला माझ्यावरून. तुझ्या बाबांना चालेल ना?"
स. माझ्याकडे बघत होता. नोकरी जाईल, घराचा हप्ता, बाबांची औषधं, सगळं एका क्षणात डोक्यात.
"या, गुरुजी," म्हणाले. बस, एवढंच.
आठवडाभर त्या माणसाला शिव्या घालतेय आणि आज त्याच्याइतकीच गप्प बसले. लाज वाटते.
प्रिंट पर्समध्ये आहे. शुक्रवारी बाबा पाटावर बसतील, गुरुजी समोर, आणि वाढायला मी.