यादीतून गेलेली डिस्क

मिरकरवाडा, रत्नागिरी
मे १९८८

प्रिय दत्तादादा,

रात्रभर डोळ्याला डोळा नाय. बाळ रडतंय म्हणून नव्हे, ते गप झोपलंय. हे झोपत नायत म्हणून. पडवीत बसतात नि इंग्रजीत कायतरी पुटपुटतात, मी आत पडून ऐकते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, चुका पोटात घाल. पण रागाने लिहितेय, तो राग पोटात घालू नको.

तू यांच्या कोळंबीच्या कंपनीत लावून गेलास तो कम्प्युटर उठत नाय. लाइट लागते, पंखा फिरतो, चार ओळी येतात नि थांबतो. झालं असं, की डिस्क भरली म्हणून साहेबाने दुसरी मोठी डिस्क मागवलीन. कोल्हापूरचा माणूस आला, स्क्रू आवळलेन नि गेला. जाताना म्हणाला, ड्रायव्हर तुमचा तुम्ही घाला. मी यांना विचारलं, ड्रायव्हर कसला, ट्रकचा? तेव्हा हे हसले. मग हसलेले मी बघितले नायत.

यांनी मला समजावलं ते असं. मशीनच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कुठली डिस्क हाय, तिच्याशी बोलायचं कसं, हे त्याला अगोदर सांगून ठेवावं लागतं. त्याच्या यादीत जिचा ड्रायव्हर नाय, ती समोर असली तरी त्याला दिसत नाय. आणि यादी बदलली की कारभारीच नव्याने बनवायचा. ते सगळं यांनी पुस्तक बघून एकट्याने केलं. फक्त नव्या डिस्कचा ड्रायव्हर घालताना जुनीचा काढून टाकला. नवी आली, आता जुनी कशाला, असं वाटलं. आणि मशीनचं सगळं सामान त्या जुनीवरच! मी म्हटलं, अहो, नवी सून आली म्हणून सासूचं नाव कोण रेशनकार्डातून काढतं काय? तर सासूबाई चुलीकडनं म्हणतात, शिवा, तुझ्यापेक्षा तुझी बायको शहाणी हाय रे, तिलाच बसव मशीनवर. झालं, हे चपला घालून बाहेर.

पण एकट्याने का केलं? तुझ्यामुळे. शिमग्याला पालखी दारात आलेली, अंगण भरलेलं, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, भावोजी, तुम्ही आपली बटणं दाबा, आतलं आमच्यासारख्यांवर सोडा. लोक हसले. तूपण हसलास. तेव्हापासून तुझं नाव या घरात काढायची सोय नाय. दादाला ट्रंककॉल लावा म्हटलं, तर म्हणतात, भीक मागेन पण त्याला विचारणार नाय. तुम्ही दोघं दोन दगड, आणि मधे माझं बोट.

मला कळतंय तेवढं सांगते. तू मशीन लावायला आलेलास तेव्हा आमच्याकडेच जेवायला होतास. म्हणालास, चालता कारभारी कधी फेकायचा नसतो, मी एक वेगळ्या नावाने तिथंच ठेवलाय, अडीनडीला. मी भात वाढत होते, ध्यानात राहिलं. हे म्हणतात, उठताना मशीन नाव विचारतं. ते नाव दिलं तर जुना कारभारी उठेल, आणि त्याला जुनी डिस्क दिसेल. पण नाव ठाऊक नाय. नाय नाय ती नावं टाकून बघितली. आई-बापाची, गावदेवीची. एक लागत नाय.

आता साहेब म्हणतो, पुरे झालं. सोमवारी तोच कोल्हापूरचा येऊन जुनी डिस्क कोरी करणार. मोसमभर कुठल्या होडीने किती कोळंबी घातली ते सगळं तिच्यावरच. टेपवर उतरवून ठेवलेलं, तर ती टेप वाचलीच जात नाय. डिस्क कोरी झाली की नोकरी गेली, असं साहेबाने तोंडावर सांगितलंन.

नुसत्या नोकरीसाठी मी एवढं लिहिलं नसतं. काल ट्रॉलर चालवणारा दादू तांडेल आला होता. यांनी त्याला शब्द दिलाय, नोकरी सुटली की ट्रॉलरवर येतो. दादा, हे होडीत बसले की उलट्या करतात, पोहणं धड नाय, म्हणून तर सासऱ्यांनी यांना शाळेत घातलंनी. आपले आप्पा दर्यावरच वाढलेले. तरी आप्पांची होडी जयगडला लागली, आप्पा लागले नायत. तुझी कंबर धरून मी किनाऱ्यावर उभी होते.

तर यांच्या कंपनीत फोन कर, पण मी सांगितलं असं बोलू नको. तुझ्या हापिसची चौकशी म्हणून कर. मशीन कसं चाललंय विचार. हे आधी बरं चाललंय म्हणतील, तरी ठेवू नको. मग सहज सुचल्यासारखं ते नाव सांग. आणि म्हण, भावोजी, माझ्या हातनं पण एकदा असंच झालेलं. झालं नसलं तरी म्हण.

पत्र रामा कंडक्टरकडे देतेय, तो रातराणीच्या गाडीने तिकडे उतरला की आपल्या गावच्या माणसांच्या खोलीवर आणून देईल. दादा फिरतीवर गेला असला तर खोलीवरच्या ज्याच्या हाती हे पडेल, भिकाजीभाऊ असोत की कोणी, उघडा नि वाचा. दादाच्या हापिसचा नंबर तुमच्या दारामागे लिहिलेला हाय, माझ्याकडे नाय. तो कुठे गेलाय ते हापिसवाले सांगतील. पाया पडते, सोमवारच्या आत माझ्या दादाला फोन करा.

तुझीच,
बकुळा