पोलादपूरहून आणलेल्या गोळ्या

आप्पा, आईला क्षय झाला त्या वर्षी मी मे महिन्याच्या सुट्टीत नन्सच्या शाळेतून आंबेनळीचा घाट उतरून घरी आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या फळीवर परदेशी कंपनीची बाटली होती. हेच औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, फरक फक्त नावाचा, असं महाडच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला ते पटलं नव्हतं. शेतीवाडीवाल्या माणसानं बायकोसाठी फुकटच्या गोळ्यांना रांग लावायची, हे तर मुळीच नाही. म्हणून काका मुंबईहून बाटल्या पाठवायचे आणि भाताचे पैसे तिकडे जायचे. दिवसाला तीन गोळ्या सांगितलेल्या. आई एकच घेते, हे मी पाहिलं.

“तीन घ्यायच्या ना गं आई?”

“महागाची हाय गो. पुरवून पुरवून घ्यायची.”

तुम्ही पडवीत होतात. तिथून ऐकलंत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन एस.टी.त बसलात. महाडचा दवाखाना सोडून पोलादपूरला, तिथं ओळखीचं कोणी नसेल म्हणून. अजून दिसतं मला ते. तुम्ही रांगेत उभे आहात, मी तुमच्या मागे, आणि आईच्या माहेरच्या गावचे एक म्हातारे हाक मारतात.

“काय आप्पा, तुम्ही हितं?”

“बैलाच्या औषधाला आलोय.”

“मग रांग चुकली तुमची. हितं माणसांना देतात!”

सगळे हसतात. तुम्ही टोपी सारखी करता आणि जागचे हलत नाही.

परतताना म्हणालात, “रांगेचं आईला बोलू नको. डॉक्टरांनी दिल्यात म्हण.” मी तसंच म्हटलं. आईनं कागदाची पुडी हुंगून पाहिली. “बिननावाच्या गोळीनं काय व्हणार?” पुडी लोणच्याच्या बरणीमागे गेली. खोकला वाढतच होता.

पुढे तिनं त्या गोळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही, आणि तुमच्यानंतरही ती बरीच वर्षं जगली. हिला औषधाचा गुण पटला, असं तुम्ही येईल त्याला सांगायचात. मी गप्प बसायचे. आता हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही शेतावर गेला होतात तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, बैलासकट. ती खोकला येईपर्यंत हसली. मग विचारलं, “रांगेत? हे?” आणि बरणीमागची पुडी नि पाण्याचा तांब्या मागितला.