कमांडोचे आखूड पाय

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
रविवार, जेवणं आटोपल्यावर

चिरंजीव धम्मदीप यास,

तुझ्या ताईचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तू पुण्यात काय खातोस, कधी झोपतोस आणि डोक्यावर अजून किती केस शिल्लक आहेत ते कळव. पत्र कशाला, असं विचारशील. फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे, शॉर्टमध्ये सांग" म्हणतोस, आणि ही गोष्ट शॉर्टमध्ये सांगण्यासारखी नाही. तेव्हा या पानांचे फोटो काढून तुला पाठवायची सोय केली आहे. मीटिंगमध्येच वाच. साहेबाला वाटेल, काम करतोयस.

विषय तुझ्या कुत्र्याचा आहे. "दोनच महिने सांभाळ" म्हणून तू त्याला आमच्या दारात सोडून गेलास, त्याला वर्ष होत आलं. (तुझे दोन महिने कुठल्या कॅलेंडरातले, तेही कळव.) उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात कुणीतरी तुला हे पिल्लू "एकदम इम्पोर्टेड" म्हणून गळ्यात मारलं आणि तू त्याचं नाव कमांडो ठेवलंस. इम्पोर्टेड काय ते मला अजून दिसलेलं नाही. धड लांबच लांब, आणि पाय देताना मात्र कुणीतरी हात आखडता घेतलेला. चालतो तेव्हा पोटाने फरशी पुसली जाते, तेवढाच त्याचा घराला उपयोग.

तर आमच्या मागच्या गल्लीत तेजल नावाची मुलगी राहते, जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. तिने कुत्र्यांची एक टीम काढली. खेळाचं नाव फ्लायबॉल, म्हणजे कुत्र्यांची रिले शर्यत. मैदानात ओळीने चार बुटक्या फळ्या उभ्या करायच्या आणि पलीकडे एक पेटी ठेवायची. कुत्र्याने फळ्यांवरून उड्या मारत जायचं, पेटीवर पाय आपटायचा, आतून बॉल उडतो तो तोंडात पकडायचा आणि तसंच उड्या मारत परत यायचं. मग पुढचा कुत्रा सुटतो. असे चार कुत्रे. तेजलकडे तीन तयार होते, उंचेपुरे, चकचकीत. चौथा शोधत ती आमच्याकडे आली, कमांडोला पाहिलं आणि हरखून म्हणाली, "काकू, ह्याचे पाय बघा ना! कसले भारी आखूड आहेत!" मी म्हटलं, बाई, आमच्याच दारात उभी राहून आमच्याच कुत्र्याचा अपमान करतेस? पण नियम असा निघाला की फळ्यांची उंची टीममधल्या सगळ्यांत बुटक्या कुत्र्यावरून ठरते. कमांडो असला की फळ्या खाली आणि बाकीचे तिघे सुसाट. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तो आहे तसा हवा होता. (तुझं लग्न जमवताना मी हीच आशा धरून आहे.)

आता कुत्र्याबरोबर माणूस लागतो. माझे गुडघे तुला ठाऊक. राहिले तुझे दाजी. कंपनीतून रिटायर झाल्यापासून हे खिडकीशी खुर्ची टाकून बसत ते बसूनच. बोलणं आधीच मोजकं, ते आणखी आटलं. चहा हवा का विचारलं तर नुसती मान हलवायची. मला आतून भीती वाटायला लागली होती, तुला बोलले नाही. मी पट्टा ह्यांच्या हातात दिला आणि जरा फिरवून आणा, एवढंच म्हटलं. फ्लायबॉलचं ह्यांना मैदानात गेल्यावर कळलं.

पहिल्या सरावाला कमांडोने फळी हुंगली, तिच्यावर तंगडी वर केली आणि वळसा घालून परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. ह्यांचं मत पडलं की त्याला कुणी नीट करून दाखवलेलंच नाही. म्हणून आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये माझा पोळपाट उभा करून हे स्वतः तोंडात बॉल धरून, रांगत, त्याच्यावरून गेले. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या मोतीबाईंनी दार उघडलं. त्यांना वाटलं फिट आली. त्या कांदा घेऊन धावल्या आणि ह्यांच्या नाकाशी दाबून धरला. तोंडात बॉल असल्यामुळे ह्यांना खुलासा करता येईना. मोतीबाईंचा आरडाओरडा ऐकून कमांडो असा बिथरला की पोळपाटावरून थेट ह्यांच्या पाठीवर! ही त्याची पहिली उडी. (पोळपाटाचा पाय मोडला. माझं कुणी विचारलं नाही.)

मग पेटी. ती कॅम्प दोनमधल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. मालक म्हणाला, "साईं, स्प्रिंग ऐसी डालूंगा, कुत्ता याद रखेगा." कुत्र्याने लक्षात ठेवली का माहीत नाही, पण पहिलाच बॉल मैदानाची भिंत ओलांडून पलीकडच्या मांडवात, हळदीला बसलेल्या नवरदेवाच्या मांडीवर पडला. कमांडो बॉलमागे गेला तो बऱ्याच वेळाने परत आला, पिवळाधमक आणि जेवून. स्प्रिंग नंतर सैल करून आणली.

गेल्या आठवड्यात अंबरनाथच्या टीमशी मॅच झाली, त्यांच्याच मैदानावर. आपले तीन कुत्रे वाऱ्यासारखे गेले आणि आले. शेवटचा कमांडो. आपण चांगले पुढे होतो. कमांडोने चारही फळ्या ओलांडल्या, पेटीवर पाय आपटला, बॉल पकडला. मी गुडघे विसरून उभी राहिले. आणि परत येताना हा अर्ध्यात खाली बसला. तोंडात बॉल, नजर गर्दीवर, जसा काही प्रचाराला आलेला उमेदवार. अशा वेळी रेषेपलीकडे उभ्या माणसाने हाक मारायची असते. तेजल ओरडली, "काका, बोलवा त्याला! जोरात!" ह्यांनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. सगळं मैदान ह्यांच्याकडे बघतंय. मला वाटलं, संपलं. आता हे घरी जाऊन खुर्चीत बसणार ते पुन्हा उठायचे नाहीत.

आणि मग ह्यांनी हाक मारली. "कमांडोऽऽ! ये रे माझ्या राजाऽऽ!"

धम्मा, इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कमांडो उठला आणि सुटला. पण त्याच्याबरोबर आपले तिघे, अंबरनाथचे चौघे आणि वडापावच्या गाडीखाली झोपलेला, या सगळ्याशी काडीचा संबंध नसलेला एक भटका, असे सगळेच ह्यांच्या दिशेने सुटले. खाली हे, वर कुत्रे. पंचांनी शिट्ट्या मारून पाहिल्या. शेवटी समोरच्यांचे कुत्रे पळवल्याबद्दल आपली टीम बाद झाली. हे ढिगाऱ्यातून उठले तेव्हा चष्मा वाकडा, शर्टाचा खिसा गायब, आणि हसत होते. घरी येईपर्यंत बोलत होते. जेवताना बोलत होते. पेटी डावीकडे कशी कलली होती, ते मोतीबाईंना हातवारे करून समजावून आले. हल्ली सकाळी हेच मला विचारतात, "शीला, चहा टाकू का?" चहा अगदीच पांचट करतात, पण मी पिते.

तू परवा कळवलंस की नव्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालतो, शनिवारी गाडी घेऊन येतो. जरूर ये. तब्येतीला जप.

तुझी,
शीलाताई

ता. क. शनिवारी मटण करते आहे. जेव आणि रिकाम्या गाडीने परत जा. कमांडो इथेच राहील.

ता. क. २ : मग पुण्यात मी एकट्याने काय करू, असं म्हणशील. लग्न कर.

ता. क. ३ : दाजी म्हणतात, कुत्रा धम्मदीपचा आहे, मागितला तर द्यायलाच हवा. त्यांचं मनावर घेऊ नकोस. हे सांगताना ते पट्टा माळ्यावर लपवत होते.

ता. क. ४ : हे सगळं मी ह्यांच्यासाठी लिहिलं आहे. माझा त्या कुत्र्यात जरासुद्धा जीव नाही. पत्र एवढं लांबलं, कारण तो माझ्या पायांवर झोपला आहे आणि मी उठले तर जागा होईल.