पुढच्या खोलीचं ऑफिस

राजाजीनगर, बंगळूर
५ ऑगस्ट १९६३

ती. शालनअक्कास,
देवाप्पाचा सा. न. वि. वि.

आईला बेळगावला धाड म्हणून तू तीन वर्षं लिहिते आहेस. पण अक्का, तिला इथली हवा मानवली आहे. शिवाय माझी कौशल्या आमटीत मीठसुद्धा आईला विचारून घालते. आम्ही तिला कशी धाडणार?

एक गंमत सांगतो. यंदा मी इन्कमटॅक्सच्या कागदात आपली पुढची खोली अगरबत्तीच्या एजन्सीचं ऑफिस म्हणून दाखवली आहे. घरभाड्याचा तिसरा हिस्सा धंद्याचा खर्च धरून वजा होतो. खोलीत टेबल मांडलं, दारावर पाटी लावली. पुरावा म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर आलेली पत्रं मागितली आहेत, ती जमवतो आहे.

दाजींना नमस्कार. राग स्वल्प कमी करून लोभ ठेवावा.

तुझा
देवाप्पा

बेळगाव
१२ ऑगस्ट १९६३

चि. देवाप्पास अनेक आशीर्वाद.

हे कार्ड मुद्दाम ‘मालक, अगरबत्ती एजन्सी, ऑफिस’ असा पत्ता घालून टाकते आहे. उघडं आहे, वाचू दे पोस्टमनला. त्याच खोलीत आईची गादी आणि ट्रंक आहे ना? मग आई काय तुझ्या ऑफिसात निजते?

सरळच सांगते, मला तुझा हेवा वाटतो. माझ्याकडे चार खोल्या आहेत, अंगण आहे, पण आईला गोड लागते ती तुझ्या अगरबत्तीच्या खोक्यांमधली जागा. माझ्या बाळंतपणाला आली तीही पंधराव्या दिवशी परतली, कारण तुला ताप आला होता. मी थोरली असून माझ्या वाट्याला नेहमी उरलेलीच आई आली.

कौशल्येस आशीर्वाद. लोभ काय, तुला तो न मागता मिळतोच.

तुझी
शालनअक्का

राजाजीनगर, बंगळूर
२० सप्टेंबर १९६३

ती. शालनअक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कार्डानं घात केला. पत्ता ऑफिसचा, म्हणून न वाचताच मी ते पुराव्याच्या गठ्ठ्यात बांधलं. इन्कमटॅक्सच्या कचेरीत इथं मराठी कोण वाचणार? पण तिथले कारकून उमाजीराव निघाले इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांनी सगळं कार्ड साहेबांना कानडीत समजावून सांगितलं, अगदी तुझ्या बाळंतपणासकट.

साहेब खोली बघायला घरी आले. आजी कुठं राहतात, असं त्यांनी विचारलं. मी दारावरच्या पाटीकडं बोट दाखवू लागलो. तेवढ्यात आईच म्हणाली की ती लेकीकडं बेळगावला राहते, इथं चार दिवसांची पाहुणी आहे. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि वजावट मान्य केली.

ते गेल्यावर आईनं ट्रंक भरायला घेतली. म्हणते, सरकारच्या कागदावर खोटं राहायला नको, मी जाऊन ते खरं करते. कौशल्या रडली. मी म्हणालो, वजावट सोडतो, साहेबांना खरं सांगून येतो. तर आई म्हणाली, मग त्या कागदावर तू लबाड ठरशील. मंगळवारी शेजारच्या मल्लाप्पांच्या सोबतीनं ती निघते आहे.

तू जिंकलीस, अक्का. तुझा हेवा मला आजवर कधी वाटला नव्हता, आता वाटतो. तिला पहाटे कॉफी लागते, विसरू नकोस.

तुझा
देवाप्पा

बेळगाव
३ ऑक्टोबर १९६३

चि. देवाप्पास अनेक आशीर्वाद.

आई सुखरूप पोचली. मी उजेडाची खोली सारवून तिला दिली, नवं लुगडं नेसवलं, गल्लीभर सांगत फिरले की आई आता माझ्याकडंच असते.

दुसऱ्याच दिवशी तिनं यांना विचारलं, टॅक्सचं वर्ष कधी संपतं? हे म्हणाले, मार्चअखेर. तिनं लगेच एक एप्रिलचं तिकीट काढायला सांगून ठेवलं. जाऊबाईंसमोर माझं तोंड एवढंसं झालं.

देवाप्पा, आई जन्मात एकदाच खोटं बोलली, तेही तुझ्यासाठी. माझ्या घरी राहते आहे तीही तुझ्यासाठीच. रात्रंदिवस माझ्याजवळ आहे आणि मी अजून तुझ्यावर जळतेच आहे. तरीही पहाटे तिला कॉफी देताना मला जे सुख होतं, ते मी कुणाला देणार नाही.

म्हणून थोरली असून पदर पसरते. पुढच्या वर्षीही त्या खोलीला ऑफिसच म्हण.

तुझी
शालन