छपरावरची चाकी

३० नोव्हेंबर १९६३, शनिवार

पुन्हा ढिली! दिवाळीपासून चौथ्यांदा. माझा मुलगा रंगराव सकाळी छपरावर चढला, पान्यानं आवळून आला. दुपारी रेडिओ वाळल्या तुरीच्या शेंगांसारखा खडखडायला लागला.

छपरावर लोखंडी नळी आहे. नळीला तांब्याची जाळीदार पट्टी – एरियल. नळी भिंतीला धरून ठेवणारा एक बोल्ट, आणि त्या बोल्टाची चाकी, म्हणजे नट, फिरत फिरत बाहेर येते. नळी कलते, एरियल टिनाला टेकतं, आणि बातम्या सांगणारा माणूस कढईत पडल्यासारखा चरचरतो.

हे माझी सून रुख्मिणी लिहिते आहे. सातवी पास. मी बोलते तसं लिहीत नाही, शाळेतल्यासारखं लिहिते. म्हटलं लिही बाई, पण बाकीच्यांचं बोलणं तरी धुऊन काढू नको.

२ डिसेंबर, सोमवार

रेडिओवाल्यांचं कार्ड आलं. चैतात ते मोठं यंत्र घेऊन आले होते. माझ्या आणि सत्यभामाच्या जात्यावरच्या ओव्या फितीवर भरून नेल्या होत्या. बुधवारी, अठरा तारखेला, संध्याकाळी साडेसहाला लावणार. पंधरा मिनिटं. एकदाच.

सत्यभामा माझी धाकटी जाऊ. नवरात्रात गेली. फोटो नाही तिचा एकही.

रुख्मिणीनं कार्ड दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा उचललं. म्हटलं, ठेव आता, वाचून वाचून तारीख झिजेल!

४ डिसेंबर

शालिग्राम भाऊजी जेवायला आले. माझे दीर, सत्यभामाचे मालक. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे कापसातून सरकी काढायचं जिन आहे, दिवाळीपासून सुरू झालेलं; तिथलं इंजिन ते चालवतात. ती गेल्यापासून दोन्ही वेळ इथंच जेवतात.

कार्डाचं सांगितलं. "मले ड्युटी हाय, वयनी." एवढंच. भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून बसले.

नवरात्रापासून तिचं नाव तोंडातून काढलेलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, जिनात सरकी काढता काढता जीभही काढून ठेवली काय?"

हसले नाहीत. आधी हसायचे.

५ डिसेंबर

रेडिओ दुरुस्त करणारा चिंतामण आला. म्हणे माकडं नळी हलवतात. रंगराव म्हणे वारा. मी म्हटलं, इंजिन. त्याची धडधड भिंतीतून येते, माझ्या मांडणीवरची भांडीसुद्धा रोज बोटभर पुढं सरकतात.

"माय, तुले रेडिओतलं काय समजते?" – इति रंगराव.

काही समजत नाही. म्हणून चुना दिला. म्हटलं, चाकीवरून बोल्टावर एक सरळ रेघ ओढ आणि खाली ये.

७ डिसेंबर, शनिवार

रात्रभर वारा. सकाळी रेघ सरळ. माकडांची फौज छपरावरून गेली, एकीनं माझे पापड नेले – रेघ सरळ. मग भोंगा झाला, जिन सुरू झालं. संध्याकाळी पाहिलं तर रेघेचे दोन तुकडे. चाकीवरचा तुकडा गव्हाच्या दाण्याएवढा सरकलेला.

वारा म्हणणारा रंगराव आणि माकडं म्हणणारा चिंतामण, दोघंही आळीपाळीनं वर जाऊन रेघ बघून आले.

८ डिसेंबर

रंगरावानं नळी आणखी पक्की केली. तारेनं आवळून बांधली – जिनाच्या भिंतीला! जी हलते तिलाच! माझा मुलगा आहे, म्हणून इतकंच लिही, असं रुख्मिणीला सांगितलं. ती तोंडाला पदर लावून लिहिते आहे.

१० डिसेंबर

तार काढली. चिंतामणनं चाकीखाली चिरलेली वायसर घातली, स्प्रिंगसारखी दाबून धरणारी. वर दुसरी चाकी चढवली, पहिलीच्या उरावर. म्हणे आता बापजन्मात हलत नाही.

१२ डिसेंबर

हलली. दुसरी चाकी पहिलीला सोबत घेऊन निघाली.

१३ डिसेंबर

सुतळी आणि सफेदा, नळाचे सांधे बुजवायचा पांढरा लेप. बोल्टाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळली, सफेदा थापला. चिंतामण म्हणे, "आता बघा, आजी." संध्याकाळी बघितलं. सफेद्याला मधोमध चीर.

पाच दिवस उरले. नळी पुन्हा कलली तर सत्यभामाच्या जागी खरखर ऐकायची. रुख्मिणी विचारते, आत्याबाई, हे असंच लिहू? असंच लिही.

१४ डिसेंबर, शनिवार

रात्री झोप नव्हती, तेव्हा सुचलं.

माझे मालक गाडी हाकायचे, पार मेहकरपर्यंत. चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला आरपार भोक असतं आणि भोकात खीळ. चाक हलतं, आदळतं, कुरकुरतं, पण खिळीच्या पुढं जात नाही. हेही चाकच की, लहानसं!

सकाळीच रंगरावाला बोल्ट देऊन भगवानराव लोहाराकडं पाठवलं. भगवानरावानं विचारलं म्हणे, "एवढ्याशा बोल्टाले भोक? कोनाची अक्कल?" रंगराव म्हणाला, "मायची." मग त्यानं लगेच पाडून दिलं.

चाकी आवळली. भोकातून जाड तार दुमडून घातली, पलीकडं तिचे दोन्ही पाय फाकवले. नवी रेघ ओढली.

१५ डिसेंबर

रेघ सरळ.

१६ डिसेंबर

सरळ! चिंतामण बघून गेला. म्हणाला, मोटारीच्या चाकाला असंच असतं, मला ठाऊक होतं. म्हटलं, मग इतके दिवस काय मुहूर्त शोधत होतास?

१७ डिसेंबर

सरळ. आवाज स्वच्छ. मात्र इंजिनाची धडधड घरात एवढी असते की रेडिओ पूर्ण मोठा केला तरी कान लावून बसावं लागतं. त्याला माझ्याकडं खीळ नाही.

जेवताना भाऊजींनी विचारलं, "साडेसहा म्हनलं होतं ना?"

म्हटलं, "हाव. घ्या ना बदलून ड्युटी."

"इंजिनावर दुसरा मानूस नाई, वयनी."

१८ डिसेंबर, बुधवार

खोलीत मुंगीला जागा नव्हती. खिडकी उघडी, रेडिओ पूर्ण मोठा, तरी धडधड वरचढ. साडेसहा वाजले. निवेदन करणारी बाई काय म्हणाली कोणाला कळलं नाही – आणि तेवढ्यात पलीकडं इंजिन बंद पडलं! एकदम. दिवाळीनंतर या वेळेला एवढं शांत मी ऐकलं नव्हतं.

आधी मी. माझा आवाज घोगरा, मला आवडला नाही. मग सत्यभामा. जात्याची घरघर, तिच्या बांगड्या, तिचा दम घेतानाचा श्वास – सगळं. ही ओवी तिनं गायली:

जिनाचा गं भोंगा, वाजे गल्लीच्या वेशीला
माझ्या घरधन्याच्या, इंजिन उशाला पायाला

मी चाळीस वर्षं तिच्यासमोर दळलं, मला पाठ आहे. भाऊजींनी मात्र कधी ऐकली नसेल. ती दळायला बसायची तेव्हा ते इंजिनावर असायचे.

पंधरा मिनिटं नळी तसूभर हलली नाही. कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटांनी इंजिन पुन्हा सुरू झालं.

१९ डिसेंबर

कोणी आलं की मी खिळीचं सांगते. रंगराव म्हणतो, "माय, इंजिनच बंद होतं, तुह्या खिळीनं काय केलं?" म्हटलं, बंद पडेपर्यंत कोणी धरलं होतं? जिनातल्या बाया म्हणतात, डिझेलच्या नळीत कचरा आला असेल. बरी वेळ साधली कचऱ्यानं.

भाऊजी काल रात्री जेवायला आले नाहीत. आजही नाहीत.

२० डिसेंबर

कचरा नव्हता. घड्याळ बघून भाऊजींनीच डिझेल बंद केलं होतं. जिनाच्या शेटजींनी त्यांना इंजिनावरून काढलं, आजपासून सरकीची पोती शिवायला बसवलं. बावीस वर्षांत सुटीच्या भोंग्याआधी इंजिन कधी न थांबवणारा माणूस – शेटजींनी चारचौघांत विचारलं, काऊन थांबवलं?

भाऊजी म्हणाले, "सत्यभामा गाऊन राह्यली होती. आयकू येत नव्हतं."