बेडकाची ओळ

सेलू, जि. वर्धा
२२ जानेवारी २०२५

चि. प्रफुल, ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे, असं लिहाची सवय, म्हणून लिहिलं. थंडी आहे. कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे. तुझा फोन लागत नाई, पत्ता तुझ्या दोस्ताकडून, अंकुशकडून घेतला. त्याले दिला, मले नाई. असो.

बाबाची कविता आठवते ना? तीस वर्षं शाळेत शिकवली. बँकेतला साहेब बाबाचाच विद्यार्थी, बाबाले पाहिलं की काउंटरमागून म्हणे,

म्हैस चढली खुर्चीवर, सही करते शेपटीनं,
बेडूक निघाला वर्ध्याले, छत्री घेऊन एसटीनं,
कंडक्टर होता उंदीरमामा, घंटी वाजवे मिशीनं.

बाजारातल्या भाजीवाल्या बायाही म्हणत. आपल्या घरचा नियम मात्र वेगळा. जेवाच्या आधी ज्याची ओळ त्यानंच म्हणाची. म्हैस माझी, बेडूक तुझा, उंदीर बाबाचा. तू मुद्दाम उशीर लावे आन् वरण थंड होये.

नऊ वर्षांआधी तू बाबासंग भांडून गेला. तवापासून घरात बेडूक कोणी म्हटला नाई.

मागच्या साली बाबाले लकवा झाला, बोलणं गेलं. माझं नावही विसरले. कविता तेवढी राह्यली. मी म्हैस म्हणे, आन् बाबा दाराकडे पाहत. एक दिवस भूक लागली असंन म्हणून मीच बेडूक म्हणून टाकला. बाबानं माझ्या तोंडावर हात ठेवला, चांगला जोरानं. त्या दिवशी ते जेवले नाईत.

आता खरं लिहिते. तू गेल्यावर सहा महिन्यांनी बाबा मले म्हणाले होते, "सुनीती, प्रफुलले कळव, बेडकावाचून जेवण अडलं म्हणा." माफीच होती ते. त्या माणसाले दुसऱ्या शब्दात मागता येत नव्हती.

मी कळवलं नाई. राग होता मले. आईचं दुखणं मी काढलं, बाबाचं मी करून राह्यली, आन् वाट पाहाची ते तुझी. बाबाले सांगितलं, "कळवलं, तो काही बोलला नाई." त्याहिनं पुन्हा विचारलं नाई.

सोमवारी सकाळी बाबा गेले.

उचलाच्या आधी अंगणात त्याहिचे जुने विद्यार्थी जमले होते, केस पिकलेले. कोणीतरी कविता सुरू केली, सगळ्याहिनं म्हटली. तुझी ओळही म्हटली. त्याहिले काय माहीत आपला नियम.

तेरवी एक तारखेले आहे. माझ्याशी बोलू नोको, चालते. पण येजो. ताटावर बस. मी म्हैस म्हणीन आन् थांबीन. तू बेडूक म्हटल्यावर पुढची ओळ म्हणाले कोणी नाई, ते आपण दोघं मिळून ऐकू.

नऊ वर्षं तुझी ओळ दाबून बसलेली,
तुझी म्हैस