सासूबाईंची दाढ आणि माझी सुई

३ जून
आज सासूबाईंनी निकाल देऊन टाकला — कळा सुईने घालवायच्या, तर त्याला बाळंतपण म्हणायचं कशाला? त्यांची म्हणे दोन बाळंतपणं झाली, पण तोंडातून ब्र काढला नाही. नवरोबा मान डोलवत बसले. स्वतः लस घेताना डोळे मिटून माझा हात धरतात ते! मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना भूल देते आणि मगच चिमटा उचलते. माझ्याच वेळी मात्र 'सोस'.

५ जून
भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना भेटून आले. कण्यापाशी बारीक नळी घालतात, तिच्यातून औषध. शुद्ध राहते, कळा बोथट होतात. रक्तदाब उतरू शकतो, क्वचित नंतर डोकं दुखतं — तेही त्यांनी लपवलं नाही. हुंगायचा गॅसही असतो, पण त्याने दुखणं थोडंच कमी होतं. मला नळीच हवी.
संमतीच्या कागदावर सही माझी एकटीची पुरते. पण घरात रोज फुगलेली तोंडं बघत नववा महिना काढायचा? शिवाय कळांत माझं डोकं ठिकाणावर नसलं तर माझ्या वतीने बोलणार कोण? नवरोबा? ते आधी आईला विचारतील.

९ जून
सासूबाईंची दाढ ठणकतेय. देव आहे!

१० जून
खुर्चीत बसवलं. तोंड उघडायला लावलं, आरसा आत घातला आणि अगदी मधाळ आवाजात विचारलं, सुई नकोच असेल ना आई, तुम्हाला सोसायची सवय आहे.
डोळे एवढे मोठे झाले! माझा कोट मुठीत धरला. आरसा काढला तेव्हा म्हणाल्या, "आधी सुई दे. आगाऊपणा नंतर कर."
दिली, अर्थात. मी काय कसाई आहे? पण गाल बधिर होईपर्यंत माझ्या नळीचं सगळं पुराण ऐकवलं. त्यांना बोलता येईना, मला थांबवेना. दाढ अलगद निघाली.

११ जून
सासूबाईंनी अबोला धरलाय. सूज की राग, कळत नाही. जरा अतीच केलं मी. वाईट वाटतंय.

२६ जून
मुलगी झाली, काल दुपारी.
कळा सुरू झाल्या आणि माझी सगळी हुशारी गळाली. नळी द्या म्हणत होते, रडत होते. नर्स म्हणाली, पहिलटकरणी अशाच घाबरतात, अजून थोडं सोसा. नवरोबा भिंतीला टेकलेले. सासूबाई उठून तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.
"मी ओरडू नये म्हणून माझ्या तोंडात टॉवेल कोंबला होता. दोन्ही वेळेला. ही मागतेय ना? मग द्या."